परदेशी पार्टी तपासायची फुकट सरकारी साधने: कुठले कामाचे, कुठे दगा देते

माल पाठवण्याआधी परदेशी खरेदीदार किंवा त्याची बँक सरकारी बंदीच्या यादीत आहे का, हे पाहायची ही साधने. आधी गुण, मग कारणे. अमेरिकेच्या व्यापार खात्याचे ‘कन्सॉलिडेटेड स्क्रीनिंग लिस्ट’ हे शोधसाधन: पाचपैकी साडेचार. अमेरिकेच्याच अर्थखात्याचे ‘सँक्शन्स लिस्ट सर्च’, ज्याला सगळे ओफॅकचा (त्या खात्याच्या निर्बंध पाहणाऱ्या कार्यालयाचा) शोध म्हणतात: चार. आपल्या डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरचे ‘व्ह्यू एनी आयईसी’, म्हणजे कुणाचाही आयात-निर्यात कोड पाहायची सोय: चार. त्याच पोर्टलवर एखाद्या मालाची निर्यात खुली आहे की बंद हे शोधणे: अडीच, तेही हात सैल सोडून. संयुक्त राष्ट्रांची यादी आणि युरोपचा निर्बंध-नकाशा यांना गुण देण्यात अर्थ नाही. ज्याला लागतात त्याला ते पाहावेच लागतात.

हे परीक्षण विदर्भातल्या शेतमाल निर्यातदाराच्या नजरेतून आहे. गोंदिया-भंडाऱ्याचा राइस मिलर, वरुड-मोर्शीचा संत्रा व्यापारी, वाशिम-अकोल्याकडची सोयाबीनची शेतकरी उत्पादक कंपनी, वायगावची हळद किंवा भिवापूरची मिरची बाहेर पाठवू पाहणारा गट. मुंबईच्या मोठ्या निर्यातदाराकडे या कामाला वेगळा माणूस असतो. इथे तेच काम सीईओ, अकाउंटंट आणि ग्रेडर अशा तिन्ही जागा सांभाळणाऱ्या एकाच पोराच्या अंगावर येते. त्यामुळे साधन किती भारी आहे यापेक्षा अर्ध्या तासात काम उरकते का, हे इथे महत्त्वाचे.

संत्र्याला अमेरिकेची यादी कशाला?

संत्री बांगलादेशात जातात, तांदूळ आफ्रिकेत, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड) इराणकडे. यात अमेरिका येते कुठे? पैशात येते. इनव्हॉइस डॉलरमध्ये असले की खरेदीदाराच्या बँकेतून पैसे थेट अकोल्याच्या शाखेत पडत नाहीत, मधे न्यूयॉर्कची एखादी बँक असते. तिथे स्विफ्ट संदेशातले (बँकांनी एकमेकींना धाडलेल्या पैशांच्या निरोपातले) प्रत्येक नाव अमेरिकी अर्थखात्याच्या यादीशी ताडून पाहतात. नाव जुळले की दोनपैकी एक गोष्ट होते. पैसे ‘रिजेक्ट’ झाले तर पाठवणाऱ्याकडे परत जातात; उशीर होतो, डोकेदुखी होते, पण वाट असते. ‘ब्लॉक’ झाले तर गोठवलेल्या खात्यात जमा होतात आणि ओफॅकचा परवाना मिळेपर्यंत तिथेच राहतात. तोवर माल चितगाव नाहीतर जेबेल अलीला उतरलेला असतो आणि इकडे शेतकऱ्यांचे चुकारे थकलेले असतात.

‘मग रुपयातच व्यवहार करू’ असा सल्ला हमखास मिळतो. रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ ला विशेष रुपया व्होस्ट्रो खात्यांची, म्हणजे परदेशी बँकेने भारतीय बँकेत ठेवायच्या रुपयाच्या खात्यांची सोय केली, ती खरी. त्याने न्यूयॉर्क टळते, यादी टळत नाही. प्रत्येक मोठ्या भारतीय बँकेला अमेरिकेतल्या बँकांशी संबंध टिकवायचे असतात. २२ डिसेंबर २०२३ च्या अमेरिकी अध्यक्षीय आदेशानंतर तर रशियाच्या युद्धसामग्री उद्योगाशी जोडलेला व्यवहार हाताळणाऱ्या परदेशी बँकेवरही कारवाई होऊ शकते. म्हणून बँकेचा फॉरेक्स विभाग रुपयाच्या इनव्हॉइसवरही तीच नावे घासून पाहतो.

इराणच्या बाबतीत अर्धवट माहिती फार फिरते. अन्नधान्य आणि शेतमाल यांना अमेरिकेच्या इराणविषयक निर्बंधांत सवलत आहे, हे बरोबर. पण ती सवलत मालापुरती. मधली बँक किंवा जहाज कंपनी स्वतः यादीत असेल तर तुमचा माल सोयाबीनची पेंड आहे एवढ्यावर सुटका होत नाही. शिवाय सवलत कागदावर असली तरी बँकेने व्यवहार घ्यायचाच, अशी सक्ती कुणी करू शकत नाही. म्हणून इराणची ऑर्डर असेल तर भाव ठरवण्याआधी आपल्या एडी बँकेला (परकीय चलनाचे व्यवहार करायची परवानगी असलेल्या बँकेला) लेखी विचारावे.

साडेचार गुणांचे साधन

कन्सॉलिडेटेड स्क्रीनिंग लिस्ट हे शोधपान अमेरिकेच्या तीन खात्यांच्या याद्या एकाच वेळी चाळते: व्यापार, परराष्ट्र आणि अर्थ. खाते उघडणे नाही, फी नाही, ओटीपी नाही. मोबाइलवरही व्यवस्थित चालते, पण निकालाचा तपशील वाचायला मोठा पडदा बरा.

पहिले काम: ‘फझी नेम’ हे बटण चालू करा. ते बंद असताना स्पेलिंग तंतोतंत नसेल तर निकाल रिकामा येतो, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. अरबी, फारसी, रशियन, चिनी नावे रोमन लिपीत आणताना एकाच नावाची चार-पाच रूपे होतात. हुसेन, मोहम्मद, युसुफ ही नावे रोमनमध्ये किती तऱ्हांनी लिहितात ते आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यांवरही दिसते. बटण चालू असले की साधन मिळतीजुळती नावे आणते, प्रत्येकाला गुणांक देते आणि नावातल्या शब्दांचा क्रम उलटा असला तरी पकडते. ‘कंपनी’, ‘कॉर्प’, ‘लिमिटेड’ असे शब्द ते आपणहून सोडून देते. ‘जनरल ट्रेडिंग’, ‘फूडस्टफ’, ‘इंपोर्ट एक्सपोर्ट’ हे शब्द मात्र तुम्हीच काढा. नाही काढले तर दुबईतल्या निम्म्या दुकानांची नावे समोर येतील.

दुसरे काम: देशाची चौकट रिकामी सोडा. खरेदीदार तुर्कस्तानचा म्हणून तुर्कस्तान निवडला, आणि यादीत त्याच कंपनीचा पत्ता इराणचा किंवा अमिरातीचा असला, तर ती नोंद तुम्हाला दिसतच नाही. आडून व्यापार करणाऱ्या कंपन्या नेमक्या याच पद्धतीने पत्ते बदलत राहतात.

तिसरे काम: पत्ताही शोधा. फारसे कुणी हे करत नाही, पण यातून बरेच हाती लागते. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार खात्याने हाँगकाँगमधले आठ पत्तेच एंटिटी लिस्टमध्ये (अमेरिकी माल देण्यावर निर्बंध असलेल्यांच्या यादीत) घातले, कारण त्या पत्त्यांवर एकामागून एक कागदी कंपन्या निघत होत्या. नाव नवे कोरे असले तरी पत्ता जुनाच निघतो.

निकाल आला की नोंद उघडून ती कुठल्या यादीतली आहे ते आधी वाचा. सगळ्या याद्या एकसारख्या नाहीत, आणि हे न कळल्याने चांगली ऑर्डर सोडून देणारेही असतात. अर्थखात्याची एसडीएन यादी, म्हणजे ज्यांची मालमत्ता गोठवली आहे अशांची यादी, सर्वांत कडक. तिथल्या नावाशी अमेरिकी बँकेला व्यवहारच करता येत नाही, म्हणजे डॉलर अडकलाच. व्यापार खात्याची डिनाइड पर्सन्स लिस्ट आणि एंटिटी लिस्ट या मुख्यतः अमेरिकी माल, तंत्रज्ञान आणि त्यातून बनलेल्या वस्तूंबद्दल आहेत. गोंदियात पिकलेला आणि गोंदियातच भरडलेला तांदूळ एंटिटी लिस्टमधल्या कंपनीने घेतला तर त्या यादीचा थेट भंग होत नाही, कारण तांदळात अमेरिकी असे काही नाही. तरीही बँक प्रश्न विचारणारच. तेव्हा उत्तर आधीच लिहून ठेवा: कुठली यादी, कुठली अट, आणि आपला माल त्या अटीत का बसत नाही. अनव्हेरिफाइड लिस्ट त्याहून सौम्य. तिचा अर्थ एवढाच की अमेरिकी अधिकाऱ्यांना त्या पार्टीकडे मालाचा अंतिम वापर तपासता आला नाही. प्रत्येक नोंदीसोबत परवान्याची अट, सुरुवातीची तारीख, इतर नावे आणि राजपत्रातल्या सूचनेचा क्रमांक असतो. वाचायला पाच मिनिटे लागतात, तेवढी द्यावीत.

वेळेचेही एक गणित आहे. ही यादी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पहाटे पाचला रोज ताजी होते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. म्हणून सकाळी ऑफिस उघडल्यावर केलेली तपासणी आदल्या दिवसाची समजा. कंटेनर नागपूरच्या अजनी डेपोत सील व्हायचा असेल त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा एकदा पाहा.

नोंदी उतरवून घेऊन एक्सेलमध्ये शोधण्याची सोयही आहे. वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे असलेल्या गावात ती मोहात पाडते. तिच्यावर विसंबू नका. एक्सेलमध्ये मिळतीजुळती नावे सापडत नाहीत, आणि उतरवलेली फाइल त्याच दिवसापासून शिळी होऊ लागते. यादीतून नावे निघतातही. भाभा अणुसंशोधन केंद्र, कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि इंडियन रेअर अर्थ्स ही तीन नावे जानेवारी २०२५ मध्ये एंटिटी लिस्टमधून काढली गेली. जुनी फाइल वापरणाऱ्याला ती अजूनही बंदीत दिसतील.

अर्धा गुण कशाचा कापला? मालकीचा. ओफॅकचा नियम असा की यादीतल्या एक वा अनेक व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनी आपोआप बंदीत येते, तिचे स्वतःचे नाव यादीत असो वा नसो. हे साधन नाव शोधते, मालक शोधत नाही. व्यापार खात्यानेही २९ सप्टेंबर २०२५ ला एंटिटी लिस्टसाठी तसाच ५० टक्क्यांचा नियम आणला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो एक वर्षासाठी स्थगित केला. यावर उपाय एकच: खरेदीदाराकडून ट्रेड लायसन्स आणि भागधारकांची नावे मागायची, आणि ती नावेही त्याच चौकटीत टाकायची. खरा खरेदीदार कुरकुरत का होईना, देतो. जो ‘आमच्याकडे असे काही लागत नाही’ म्हणतो, त्याच्याकडून ॲडव्हान्स पूर्ण आल्याशिवाय माल हलवू नये.

कुठली नावे टाकायची?

फक्त खरेदीदाराचे नाव टाकून मोकळे होणे ही सर्वांत सर्रास चूक. एका साध्या ऑर्डरमध्ये आठ-दहा नावे असतात: खरेदीदार, कन्साइनी (ज्याच्या नावे माल जातो तो), नोटिफाय पार्टी (माल पोचल्याचे ज्याला कळवायचे ती), करारावर सही करणारा माणूस, एलसी (पैशाची हमी देणारे पतपत्र) उघडणारी बँक, शिपिंग लाइन, जहाज, मधला दलाल, आणि पैसे तिसऱ्याच खात्यातून येणार असतील तर तो तिसरा. हा शेवटचा फार महत्त्वाचा. करार पूर्व आफ्रिकेतल्या कंपनीशी आणि पैसे दुबईतल्या भलत्याच नावाने, असे तांदळाच्या धंद्यात नेहमीचे आहे. ते बेकायदा असतेच असे नाही, पण त्या तिसऱ्या नावाची कागदोपत्री नोंद आणि तपासणी आधी झालेली नसेल तर बँक रक्कम रोखून धरते, आणि ऐन वेळी पत्रे गोळा करत बसावे लागते.

बँकेचे नाव टाकताना शाखेचे नको, मुख्य नाव टाका, आणि स्विफ्ट कोड एलसीच्या मसुद्यातून घ्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या संदेशातून नको.

ओफॅकचा स्वतंत्र शोध कधी वापरायचा?

ओफॅकची एसडीएन यादी वरच्या साधनात असतेच. मग वेगळे पान कशाला? दोन कारणांसाठी. एक, अर्थखाते आपल्या याद्या त्यांच्या कामाच्या वेळेत बदलते, म्हणजे आपल्याकडे रात्री. एकत्रित यादीत तो बदल दुसऱ्या दिवशी दिसतो. माल लादायचा त्या दिवशी मूळ पान पाहिलेले बरे. दोन, इथे ओळख-क्रमांकाने शोधता येते. जहाजांची ही खरी सोय आहे. जहाजाचे नाव आणि झेंडा बदलतो, सात आकडी आयएमओ क्रमांक बदलत नाही. फॉरवर्डरकडून (माल जहाजावर पोचवणाऱ्या एजंटाकडून) बुकिंगसोबतच तो क्रमांक मागा. नामांकित कंटेनर लाइनवर धोका कमी. पण डीओसी किंवा तांदूळ बल्कमध्ये (कंटेनरशिवाय), छोट्या भाड्याच्या जहाजाने जाणार असेल तर हे एक मिनिटाचे काम टाळू नका.

या पानावर गुणांकाची पट्टी असते, आणि ती पान उघडताना १०० वर असते. १०० म्हणजे अक्षर न् अक्षर जुळले तरच निकाल. ती ८५ च्या आसपास आणा. किती ठेवावी याची शिफारस ओफॅक करत नाही, जबाबदारी तुमच्यावर सोडते. ७० वर आणली तर इतकी नावे येतात की खरे त्यात हरवते. एक गुण या पानाचा कापला तो मांडणीसाठी: जुनाट, आणि चुकून मागे गेलात तर भरलेले सगळे पुन्हा भरा.

नाव जुळले म्हणजे बंदी नव्हे

‘नूर’, ‘अल फलाह’, ‘गोल्डन स्टार’ अशा नावांवर ढिगाने निकाल येतात. घाबरून ऑर्डर नाकारू नका आणि ‘असेल दुसराच कुणी’ म्हणून पुढेही जाऊ नका. चार गोष्टी समोरासमोर ठेवा: पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक किंवा जन्मतारीख, आणि धंद्याचा प्रकार. व्यक्ती असेल तर पासपोर्टची प्रत मागावी. यादीत बहुतेकदा जन्मतारीख दिलेली असते, तिथेच निकाल लागतो. चारपैकी दोन गोष्टी जुळल्या तर थांबा आणि बँकेला लेखी कळवा. काहीच जुळत नसेल तर ‘वेगळा का’ हे दोन ओळींत लिहून तारखेसह पीडीएफ फाइलला लावा. रिकामा निकाल आला तरी पानाची प्रत ठेवाच. पुढे बँकेने विचारले तर ‘पाहिले होते’ या शब्दाला किंमत नसते, तारीख असलेल्या कागदाला असते. ओफॅकने मार्च २०२५ पासून आपल्या कक्षेतल्यांसाठी नोंदी ठेवण्याची मुदत पाच वरून दहा वर्षे केली. ती विदर्भातल्या मिलरवर थेट लागू नाही, पण अमेरिकेशी संबंध असलेला खरेदीदार तुमच्याकडून तीच अपेक्षा धरेल.

आपल्या घरची यादी: व्ह्यू एनी आयईसी

इथल्या बहुतेक मिलरचा माल थेट बाहेर जात नाही. मुंबई, रायपूर नाहीतर काकीनाड्याच्या मर्चंट एक्स्पोर्टरला (दुसऱ्यांचा माल घेऊन निर्यात करणाऱ्याला) विकला जातो. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या यादीहून ही साधी सोय जास्त कामाची. डीजीएफटीच्या पोर्टलवर सेवांमध्ये आयईसी प्रोफाइलचा विभाग आहे, त्यात ‘व्ह्यू एनी आयईसी’. समोरच्याचा आयईसी क्रमांक, फर्मच्या नावाची पहिली काही अक्षरे आणि कॅप्चा टाकला की तो आयईसी चालू आहे, निलंबित आहे की रद्द, आणि फर्म डीईएलमध्ये, म्हणजे डिनाइड एंटिटी लिस्टमध्ये आहे का, ते दिसते. लॉगिन लागत नाही.

समोरचा आयईसी क्रमांक देत नसेल तरी अडत नाही. जीएसटी आल्यापासून काढलेला आयईसी म्हणजे पॅनच असतो, आणि पॅन जीएसटी क्रमांकातच असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, त्यापुढची दहा अक्षरे पॅनची. बिलावरून उचला आणि टाका. जुन्या फर्मचा आयईसी मात्र दहा आकडी वेगळा असू शकतो, तो विचारावा लागतो.

निलंबित किंवा रद्द आयईसीवर निर्यात होत नाही. डीईएलचे तसे नाही. तिथे नाव असलेल्या फर्मला डीजीएफटीकडून परवाना, ऑथरायझेशन, स्क्रिप (निर्यातीवर मिळणारे सवलतीचे कागद) असे काही मिळत नाही. तिचा निर्यातीचा हिशोब त्या स्क्रिपवर बेतलेला असेल तर तुमचे पैसे लांबणार, एवढे गृहीत धरा. डीईएलचा आदेश काही काळापुरता स्थगितही ठेवला जातो. म्हणून आज स्वच्छ दिसलेले नाव दोन महिन्यांनी पुन्हा पाहावे.

डीईएल ही फक्त लबाडांची यादी आहे, असा समज काढून टाका. विदर्भातल्या सूतगिरण्या, जिनिंग-प्रेसिंगवाले, तेल प्रकल्प यांच्यासाठी त्या यादीची वाट ईपीसीजी या यंत्र-आयातीच्या योजनेतून जाते. या योजनेत सीमाशुल्क न भरता यंत्र आणता येते. बदल्यात वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते. निर्यात झाली नाही तर बोलायलाच नको. पण निर्यात पूर्ण होऊनही बँकेची प्राप्ती-प्रमाणपत्रे आणि शिपिंग बिले (कस्टम्सकडे भरलेले निर्यातीचे कागद) जोडून दायित्व-पूर्तीचा दाखला घेतला नाही, तरी फाइल उघडीच राहते, नोटिसा जुन्या पत्त्यावर जातात आणि शेवटी नाव यादीत पडते. नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन पहिल्यांदा तेव्हाच कळते, असे होऊ देऊ नका. पोर्टलवरचा ईमेल आणि मोबाइल आजच्या माणसाचा आहे ना, तेवढे पाहा. आयईसीची माहिती दर वर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावी लागते. काही बदल नसला तरी ‘बदल नाही’ असे नोंदवायचे. चुकले तर आयईसी निष्क्रिय होतो. या काळात फी लागत नाही.

परकीय व्यापार कायदा १९९२ चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार दंड किमान दहा हजार रुपये आणि कमाल मालाच्या किमतीच्या पाचपट.

अडीच गुण कशाला?

माणसांच्या याद्या एकीकडे. विदर्भाला जास्त फटका मालाच्या यादीने दिला आहे. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात अचानक बंद झाली आणि आठवड्याभरात निर्णय फिरवावा लागला, हे इथल्या प्रत्येक जिनिंगवाल्याला पाठ आहे. तांदळाची गोष्ट ताजी. सप्टेंबर २०२२ मध्ये कनकी (तुकडा तांदूळ) बंद. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढरा तांदूळ बंद. २५ ऑगस्ट २०२३ ला उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क. २८ सप्टेंबर २०२४ ला पांढरा तांदूळ खुला, पण टनाला ४९० डॉलर किमान भावाची अट. ती २३ ऑक्टोबरला निघाली. कनकी मार्च २०२५ मध्ये सुटली.

आता हे पोर्टलवर शोधून पाहा. निर्यात धोरणाचा तक्ता एका जागी, त्याला बदलणाऱ्या अधिसूचना दुसऱ्या जागी, स्पष्टीकरणाच्या ट्रेड नोटिसा तिसऱ्या जागी, सगळे पीडीएफ. शुल्क तर डीजीएफटीकडे नसतेच, ते अर्थखात्याची अधिसूचना ठरवते. उकडा तांदूळ डीजीएफटीच्या तक्त्यात ‘खुला’ होता तेव्हा त्यावर २० टक्के शुल्क चालू होते. फक्त तक्ता पाहून भाव देणारा सरळ तोट्यात. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर तांदळाच्या आठ आकडी कोडची फोडही नव्याने झाली, तेव्हा जुना कोड तोंडपाठ असणाऱ्यांनी तो पुन्हा पाहावा. मराठीत यातले काही मिळत नाही.

तरीही अधिसूचना स्वतः वाचायची सवय लावा, आणि त्यातला सवलतीचा परिच्छेद आधी. जुलै २०२३ च्या बंदीत नेहमीची संक्रमणाची, म्हणजे आधी ठरलेल्या व्यवहारांना मिळणारी सवलत लागू केली नव्हती. सुटला तो कोण? ज्याचा माल अधिसूचनेआधी जहाजावर चढू लागला होता. ज्याचे शिपिंग बिल दाखल होऊन जहाज बंदरात लागले होते किंवा नांगरून त्याला रोटेशन क्रमांक (बंदरातला नोंदणी क्रमांक) मिळाला होता. किंवा ज्याचा माल आधीच कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्या प्रणालीत नोंदला गेला होता. करार झाला, ॲडव्हान्स आला, पोती भरली, यातल्या कशालाही धूप घातली नाही. बंदरापासून लांब असलेल्या मिलरने यातून घ्यायचे ते एवढे: बंदीची कुजबुज सुरू झाली की पोती गोदामात ठेवू नका, कंटेनर डेपोत नेऊन कस्टम्सची नोंद करून घ्या. करारातही सरकारी बंदी आल्यास दोन्ही बाजू मोकळ्या, असे कलम हवे, आणि ॲडव्हान्स परत करायची मुदत त्यातच लिहिलेली हवी.

स्कोमेट या दुहेरी वापराच्या वस्तूंच्या यादीशी शेतमालवाल्याचा सहसा संबंध येत नाही. अपवाद फवारणीच्या ड्रोनचा. ड्रोन त्या यादीत येतात. २३ जून २०२३ च्या बदलाने २५ किलोमीटरपर्यंत पल्ला आणि २५ किलोपर्यंत भार असलेल्या नागरी ड्रोनसाठी एकदाच घ्यायची सर्वसाधारण परवानगी आली. म्हणजे सूट आहे, पण परवानगी न घेता एक नमुना-ड्रोनही कुरियरने बाहेर धाडता येत नाही.

बाकीचे थोडक्यात

संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेची एकत्रित यादी भारतात कायद्यानेच बंधनकारक आहे, बँक ती पाहतेच. तुम्ही खरेदीदार आणि सही करणारा अशी दोन नावे टाकून मोकळे व्हा. युरोपचा निर्बंध-नकाशा दिसायला देखणा. देशावर टिचकी मारली की काय बंद ते कळते. माणसाचे नाव शोधायचे तर आर्थिक निर्बंधांच्या यादीपर्यंत जावे लागते. हळद-मिरची युरोपात पाठवणाऱ्यानेच ही तसदी घ्यावी.

महागडी स्क्रीनिंग सॉफ्टवेअरे विकायला लोक नागपूरपर्यंत येतात. मालकीचा शोध आणि रोजची आपोआप फेरतपासणी या दोन गोष्टी त्यांत खरोखर जास्तीच्या मिळतात. पंधरा-वीस ठरलेले खरेदीदार असतील तर दोन्ही कामे हाताने होतात, पैसे वाचवा. त्यापेक्षा ईसीजीसी या निर्यातीच्या पैशांचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीचा विमा घ्या. पैसे बुडवणाऱ्या परदेशी खरेदीदारांची त्यांची स्वतःची ‘स्पेसिफिक अप्रूव्हल लिस्ट’ असते आणि त्यातल्या नावावर वेगळ्या मंजुरीशिवाय विमा मिळत नाही. अमेरिकेच्या कुठल्याही यादीत नसलेला, पण तीन राज्यांतल्या मिलरना टोपी घातलेला गडी तिथेच पकडला जातो. अर्ज बिलाच्या दिवशी करू नका, खरेदीदाराचे नाव कळले त्याच आठवड्यात करा.